ख्रिस्ती घरात जगबुडीचे सिनेमे: कोणता, कुणाला आणि कसा दाखवायचा

आपत्तीचा सिनेमा आणि अंतकाळाचा सिनेमा यांची जातकुळी वेगळी आहे. दोन्हींना एकाच मापानं मोजलं की घरात घोळ होतो. धूमकेतू आदळतो, जहाज उलटतं, लाट येते तेव्हा मूल घाबरतंच. पण सिनेमा संपला, दिवा लागला, खिडकीबाहेरचा रस्ता जागच्या जागी दिसला की ती भीती बरीचशी ओसरते. विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातात आणि बाकीचे मागे राहतात, त्या रॅप्चरच्या सिनेमांचं मात्र उलट आहे. बघताना मूल निवांत असतं, कारण पडद्यावर फारसं रक्त नसतं; असतात ते रिकामे कपडे आणि बंद न केलेली यंत्रं. मग तीन दिवसांनी मूल शाळेतून घरी येतं, आई शेजारी गेलेली असते, दोन हाका मारूनही ओ येत नाही, आणि पोटात गोळा येतो: सगळे गेले, मी राहिलो.

म्हणून निवडताना ‘किती मारामारी आहे’ हा पहिला प्रश्न नको. सिनेमा संपल्यावर घरात काय उरणार आहे, हे आधी विचारा. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

आधी आपली मंडळी (चर्च) काय शिकवते ते पाहा

अंतकाळाचे बहुतेक ख्रिस्ती सिनेमे अमेरिकेतले आहेत आणि एका विशिष्ट शिकवणीतून आलेले आहेत. १८३०च्या सुमारास ब्रिटनमध्ये जॉन नेल्सन डार्बी यांनी जी मांडणी केली, ती १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टिपांसहित बायबलमधून अमेरिकेत घरोघर गेली. तिचा क्रम असा: आधी मंडळी गुपचूप वर उचलली जाते, मग सात वर्षांचं महासंकट, त्यात ख्रिस्तविरोधी आणि श्वापदाची खूण, आणि मग ख्रिस्ताचं उघड आगमन. पेंटेकोस्टल आणि ब्रदरन मंडळ्यांमध्ये वाढलेल्यांना हा क्रम ओळखीचा असतो. वसईच्या कॅथलिक घरात किंवा अहिल्यानगर-सोलापूरकडच्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) घरात मात्र तो असाच शिकवलेला नसतो. ‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल’ हे मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, हीही घरं म्हणतात. पण ते येणं एकदाच, सर्वांच्या देखत. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ६७६व्या परिच्छेदात तर इतिहासाच्या आतच पृथ्वीवर ख्रिस्ती सुवर्णयुग अवतरेल ही कल्पना स्पष्ट नाकारली आहे.

याचा अर्थ दुसऱ्या मंडळीचा सिनेमा बघायचाच नाही असा नाही. पण ‘हे बायबलमध्ये असंच लिहिलंय’ असं मुलाला वाटू देणं आणि ‘काही ख्रिस्ती लोक या वचनांचा असा अर्थ लावतात’ असं सांगून दाखवणं यात फार फरक आहे. सिनेमा ठरवण्याआधी पाळकांना किंवा फादरना एकच प्रश्न विचारा: मंडळीचं उचललं जाणं आणि ख्रिस्ताचं पुनरागमन या आपल्या शिकवणीत दोन घटना आहेत की एक? उत्तर दोन ओळींत कागदावर लिहून ठेवा. नंतरच्या गप्पांत घोडं पेंड खातं ते इथेच.

सर्टिफिकेट कसं वाचायचं

अमेरिकेची श्रेणी जी (सर्वांसाठी), पीजी (पालकांच्या देखरेखीत), पीजी-१३ (तेराखालच्यांबाबत पालकांना जास्त सावधगिरीची सूचना), आर (सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच) अशी चढत जाते. यातली पीजी-१३ ही श्रेणी १९८४ मध्ये आली. त्याआधीचा आपत्तीपट ‘पीजी’ असला तरी आज तो कदाचित पीजी-१३ मध्ये गेला असता. त्यामुळे १९७०च्या दशकातला पीजी दिसला की मनातल्या मनात एक पायरी वर चढवा. आपल्याकडे थिएटरच्या सिनेमांसाठी पूर्वी यू, यूए आणि ए अशी ढोबळ वाटणी होती. २०२४च्या नियमांपासून यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ओटीटीवर अशी वयोगटांची पाटी २०२१पासूनच असते.

मात्र कुठलंही सर्टिफिकेट शिकवण मोजत नाही, आणि एखाद्या प्रसंगाचा मनावर किती दिवस परिणाम राहील हेही मोजत नाही. त्याचा भर शिव्या, रक्त, नग्नता अशा गोष्टींवर असतो. रॅप्चरच्या सिनेमात यातलं बहुधा फारसं नसल्यामुळे तो खालच्या श्रेणीत बसू शकतो. सर्टिफिकेटवर भरवसा ठेवून आठ वर्षांच्या मुलाला असा सिनेमा दाखवणं ही नेहमी होणारी चूक.

आधी एकट्यानं बघा, आणि वही घेऊन बघा

एक मोठं माणूस सिनेमा आधी पूर्ण बघतं, हा नियम मोडू नका. ट्रेलर पाहून अंदाज बांधणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. वहीत तीन रकाने करा: मिनिट, काय घडतं, आपण काय करणार. तिसऱ्या रकान्यात तीनपैकी एक शेरा येईल: ‘पुढे ढकला’ (रिमोटनं तो प्रसंग ओलांडा), ‘थांबवून बोला’ किंवा ‘चालू द्या’. दोन तासांच्या सिनेमात पुढे ढकलायच्या जागा चारपेक्षा जास्त निघाल्या तर तो सिनेमा त्या वयाचा नाही. वर्ष-दोन वर्षांनी बघा. सतत रिमोट दाबत दाखवलेला सिनेमा मुलाला जास्त घाबरवतो, कारण न दाखवलेल्या गोष्टीची कल्पना ते स्वतःच करतं.

मिनिटांची नोंद ज्या प्रतीवरून करता त्याच प्रतीवर सिनेमा दाखवा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. जुन्या ‘पाल’ (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५नं पळवलेला असतो. त्यामुळे १२० मिनिटांचा सिनेमा तिथे साधारण ११५ मिनिटांत संपतो, आणि तासाभरानंतरच्या नोंदी दोन-अडीच मिनिटं चुकतात. नको असलेला प्रसंग नेमका त्या दोन मिनिटांत येऊन जातो.

आणखी एक. आपल्या घरावर आलेली आपत्ती सिनेमात असेल तर तो सिनेमा बाजूला ठेवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्यात अडकलेले लोक, २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरातले, जुलै २०२१च्या चिपळूण-महाडच्या पुरातले, ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप पाहिलेले आजी-आजोबा: यांच्यासाठी पडद्यावरचं पाणी किंवा पडणारी भिंत नुसती करमणूक नसते. मुलांचा विचार सगळे करतात, पण सोफ्यावर शेजारी बसलेल्या आजीचा कुणी करत नाही.

कोणत्या वयाला काय

सात वर्षांखालच्या मुलांना अंतकाळाचा एकही सिनेमा नको. जगाचा शेवट म्हणजे काय हे त्यांना कळावं असं वाटत असेल तर ‘वॉल-ई’ (२००८, जी, ९८ मिनिटं) पुरेसा आहे. पृथ्वी कचऱ्याखाली गाडली गेली आहे, माणसं सातशे वर्षं अंतराळात लोळत आहेत, आणि एका जुन्या बुटात लावलेलं हिरवं रोप सापडल्यावर ती परततात. उत्पत्ति ८:११ मधलं कबुतर चोचीत जैतुनाचं पान घेऊन येतं, ते वचन आधी वाचून दाखवा. मुलं रोप पाहताच ओरडतात.

आठ ते अकरासाठी ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ (१९९८, पीजी, ९९ मिनिटं) याला तोड नाही. ही मोशेची गोष्ट. यातल्या पीडा, म्हणजे देवानं मिसरावर आणलेली संकटं, खरं तर एकामागून एक आलेल्या आपत्तीच. प्रथम जन्मलेल्यांचा मृत्यू रक्ताविना दाखवला आहे: फिकट उजेड गल्लीतून जातो, श्वास थांबतो, आवाज बंद. म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. तिथे पुढे ढकलू नका. त्यानंतर मोशे जिंकूनही रडतो, ते मुलांना दिसू द्या. शत्रूच्या मुलाच्या मरणावर देवाचा माणूस रडतो, एवढी एक गोष्ट या वयात कळली तरी खूप झालं. त्याच वयाला ‘एव्हन ऑलमायटी’ (२००७, पीजी, ९६ मिनिटं) हलकंफुलकं म्हणून चालेल. आजच्या अमेरिकेतला एक खासदार तारू बांधतो. पूर येतो तो धरण फुटून. विनोद बरा आहे, पण नोहाच्या गोष्टीतलं न्यायाचं वजन त्यात उरलेलं नाही. मुलं विचारतील, ‘मग देवानं पाऊस का नाही पाडला?’ उत्पत्ति ९ मधलं मेघधनुष्य आणि ‘पुन्हा जलप्रलय नाही’ हा करार तेव्हा काढा.

बारा वर्षांपासून पुढे खरी मजा सुरू होते, आणि इथे ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ (१९७२, पीजी, ११७ मिनिटं) पहिल्या क्रमांकावर ठेवावा. नववर्षाच्या रात्री प्रचंड लाटेनं जहाज उलटं होतं. छत खाली, फरशी वर. वाचायचं तर बुडाकडे, म्हणजे वर चढायचं. मेजवानीच्या दालनातलं ख्रिसमसचं झाडच शिडी होतं. मूठभर प्रवाशांना घेऊन निघतो तो रेव्हरंड स्कॉट, जीन हॅकमननं साकारलेला बंडखोर पाळक. त्याचं सुरुवातीचं प्रवचन नीट ऐका: देवाला धडपडणारे हवेत, स्वतःच्या आतल्या शक्तीकडे प्रार्थना करा, अशा थाटाचं ते आहे. जहाजावर दुसराही एक धर्मोपदेशक आहे. जे वर चढायला तयार नाहीत त्यांच्यासोबत तो खाली थांबतो, मरण समोर दिसत असूनही. सिनेमा स्कॉटच्या बाजूनं उभा आहे; पण योहान १०:११ वाचून विचारा, या दोघांत मेंढपाळ कोण? तरुण मुलं यावर अर्धा-अर्धा तास भांडतात. शेवटी स्कॉट देवावर ओरडतो, ‘आणखी किती बळी हवेत?’ आणि इतरांची वाट मोकळी करण्यासाठी स्वतःचा जीव देतो. ईश्वरनिंदा म्हणून तो प्रसंग पुढे ढकलणारी घरं आहेत. तसं करू नये. स्तोत्रसंहितेतही देवाशी भांडणारी स्तोत्रं आहेत. १३वं किंवा ८८वं काढून ठेवा. जहाज उलटताना माणसं उंचावरून पडतात आणि पुढे काही भाजतात, शिवाय एका पात्राच्या जुन्या वेश्याव्यवसायाचा उल्लेख आहे. एवढं मोठ्यांनी लक्षात ठेवावं.

त्यानंतर ‘डीप इम्पॅक्ट’ (१९९८, पीजी-१३, सुमारे दोन तास). त्याच वर्षी आलेला धूमधडाक्याचा ‘आर्मागेडन’ लोकांना जास्त आठवतो, पण घरी बसून बोलण्यासारखं त्यात फार नाही. प्रकटीकरण १६:१६ मधून उचललेलं नाव सोडलं तर बायबलशी त्याचा संबंध नाही. ‘डीप इम्पॅक्ट’मध्ये मात्र धूमकेतू येण्याआधीच खरी परीक्षा होते. गुहांमध्ये दहा लाख माणसांची सोय. दोन लाख आधीच निवडलेले, आठ लाख सोडतीनं, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचं नाव सोडतीत नाही. सिनेमा तिथेच थांबवा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा: या खोलीतून कोण आत जाईल? दोन मिनिटं कुणी बोलत नाही. मग कळतं की जगाचा शेवट म्हणजे नुसती आग आणि लाट नाही. कोणाची किंमत किती, हा हिशेब आहे. अंतराळयानाचं नाव ‘मसीहा’ आहे आणि त्यातले लोक आपला जीव देऊन मोठा तुकडा फोडतात. ‘म्हणजे हेच वधस्तंभासारखं का?’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर घाईत देऊ नका: कुठे सारखं, कुठे वेगळं, हे त्यांनाच शोधू द्या. अणुबॉम्बनं तारण करणारा हा मसीहा आहे, हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. राष्ट्राध्यक्ष भाषणाच्या शेवटी गणना ६:२४–२६ मधला आशीर्वाद म्हणतात. ते वचन आधी मराठीत वाचलेलं असेल तर मुलं तिथे कान टवकारतात. सावधगिरी एका जागी: पन्नाशीपुढची एक आई आत्महत्या करते, असं कळतं. दृश्य नाही, पण अलीकडे घरात किंवा शेजारात असं काही घडलं असेल तर आधी सांगून ठेवा.

पंधराच्या पुढे ‘ग्रीनलँड’ (२०२०, पीजी-१३, ११९ मिनिटं) चालेल. मधुमेही मुलाला लष्करी विमानात प्रवेश नाकारला जातो, इन्सुलिन मागे राहतं, औषधांच्या दुकानात गोळीबार होतो, एक जोडपं मुलाला पळवतं, आणि बाप झटापटीत हातोड्यानं एकाला मारतो. मार्क ३:४ मधला जीव वाचवण्याचा प्रश्न इथे अंगावर येतो. ज्या घरात लहान मुलाला मधुमेह किंवा दमा आहे तिथे हा सिनेमा त्या मुलाला दाखवू नका. औषध संपल्यावर काय होतं, हा धसका त्याच्या मनात घर करतो. ‘द इम्पॉसिबल’ (२०१२, पीजी-१३, ११४ मिनिटं) हा २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत थायलंडमध्ये अडकलेल्या खऱ्या कुटुंबावरचा. पहिल्या अर्ध्या भागात आईच्या पायाची जखम फार स्पष्ट दाखवली आहे आणि क्षणभर अंगावरचे फाटके कपडे दिसतात. पण जखमी आई मुलाला सांगते, जा, इतरांना मदत कर. आणि तो जातो. नाताळच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट नाताळच्या आठवड्यात मात्र नको.

भारतातला सिनेमा हवा असेल तर केरळच्या ऑगस्ट २०१८च्या महापुरावरचा मल्याळम ‘२०१८’ (२०२३) बघा. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत नेल्या आणि लोक वाचवले, हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. उत्तन-वसईच्या कोळीवाड्यांतल्या घरांना तो आपला वाटेल. उत्तरार्ध जवळजवळ सगळा पाण्यात आहे, दम घ्यायला फार जागा नाही, म्हणून मध्यंतर स्वतःच घ्या.

रॅप्चरचा सिनेमा दाखवायचाच असेल तर

या जातीतला मूळ सिनेमा ‘अ थीफ इन द नाइट’ (१९७२, ६९ मिनिटं), आयोवात थोडक्या पैशांत केलेला. बायको उठते, रेडिओवर लोक गायब झाल्याची बातमी, नवरा नाही, आणि बेसिनमध्ये त्याचा दाढीचा विजेचा रेझर घरघरतो आहे. शेवटी सगळं स्वप्न होतं असं वाटतं आणि पुन्हा तोच रेडिओ. अभिनय कच्चा आहे, कपड्यांवर मुलं हसतील. पण तो घरघरणारा रेझर अमेरिकेतल्या एका पिढीच्या डोक्यात बसला. मंडळ्यांत, शिबिरांत तो लहान मुलांनाही दाखवला गेला, आणि मोठेपणी अनेकांनी त्या भीतीबद्दल लिहिलं आहे. म्हणून वय किमान पंधरा.

‘लेफ्ट बिहाइंड’ हा रॅप्चरचाच सिनेमा, वेगवेगळ्या वेळी निघालेला: २००० मध्ये कर्क कॅमेरॉनसह, २०१४ मध्ये निकोलस केजसह, आणि २०२३ मध्ये पुढचा भाग म्हणून वेगळ्या संचात. एकच बघायचा तर २००० सालचा (पीजी-१३). कारण एका प्रसंगापुरतं: मागे राहिलेला पाळक रिकाम्या चर्चमध्ये कबूल करतो की शब्द सगळे माहीत होते, विश्वास नव्हता. शेवटी ख्रिस्तविरोधी दोन माणसांना गोळ्या घालतो. तेवढं ध्यानात ठेवा. २०१४च्या आवृत्तीत बहुतेक वेळ विमानातच जातो, ख्रिस्तविरोधी येतच नाही, आणि मुलगी पुलावर आत्महत्येच्या विचारानं चढते. बोलण्यासारखं त्यात कमी, त्रासदायक जास्त.

दाखवण्याआधी १ थेस्सलनीकाकरांस ४:१६–१७ आणि मत्तय २४:३६–४१ ही वचनं मोठ्यानं वाचा. मत्तयमध्ये थांबा: ‘एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल.’ सिनेमा गृहीत धरतो की घेतला गेलेला भाग्यवान. पण आधीच्याच ओळीत नोहाच्या काळचा जलप्रलय आहे, आणि त्यात पाण्यानं नेले ते नाश पावलेले. तारवात राहिला तो वाचला. म्हणून कित्येक भाष्यकार म्हणतात, इथे मागे राहणंच बरं. हे एवढं आधी कळलं तर मुलं सिनेमा तपासत बघतात, गिळत नाहीत.

सिनेमा संपल्याबरोबर ‘आत्ता ख्रिस्ताला स्वीकारलं नाही तर?’ असा प्रश्न टाकू नका. घाबरलेलं मूल हो म्हणतंच. महिन्यानं ते पुन्हा हो म्हणतं, कारण पहिलं हो पुरेसं होतं की नाही अशी शंका राहते. निर्णयाचं बोलणं दुसऱ्या दिवशी, उजेडी, पोटभर जेवणानंतर करा. पुढचे दोन आठवडे घरातून बाहेर जाताना चिठ्ठी ठेवा: ‘दुकानात गेलेय, वीस मिनिटांत येते.’ साधी गोष्ट आहे, पण रिकाम्या घरात शिरणाऱ्या मुलाला तिचा मोठा आधार होतो.

शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान घरची मुलं खेळायला आली असताना हे सिनेमे लावू नका. ‘माझी आई जाणार, तुझी राहणार’ हे वाक्य खेळता खेळता निघतं आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं.

हे टाळा

नावाला फसू नका. १९९१चा ‘द रॅप्चर’ आर श्रेणीचा आहे आणि त्यात आई मुलीला मारते. ख्रिस्ती याद्यांमध्ये तो नावामुळे शिरतो. ‘द बुक ऑफ ईलाय’ (२०१०) मध्ये बायबल जपणारा नायक आहे म्हणून शिफारस होते, पण हिंसा आणि स्त्रियांवरचे अत्याचार यामुळे तो आर आहे, फक्त मोठ्यांसाठी. ‘नोइंग’ (२००९) मध्ये यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टांतातलं चाक, पाळक वडील, सगळं आहे, आणि शेवटी मुलांना घेऊन जातात ते परग्रहवासी. विमान कोसळल्यावर जळत धावणारी माणसं त्यात दिसतात. ‘२०१२’ (२००९, १५८ मिनिटं) मध्ये रिओचा ख्रिस्ताचा पुतळा ढासळतो आणि व्हॅटिकनला प्रार्थना करणाऱ्या गर्दीवर सेंट पीटर्सचा घुमट पडतो. कॅथलिक आजीला सोबत घेऊन बसायचं असेल तर हे आधी माहीत हवं. २०१४चा ‘नोआ’ (पीजी-१३, १३८ मिनिटं) वाईट सिनेमा नाही, पण त्यात दगडी राक्षस आहेत, तारवाबाहेर बुडणाऱ्यांच्या किंकाळ्या आहेत, आणि नोहा नातींना मारायला निघतो. बायबलमधला नोहा माहीत असलेल्या सतरा-अठराच्या मुलांसोबत वाद घालायला उत्तम. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्या डोक्यात हाच नोहा बसेल.

त्या दिवशी

दुपारी चारला सुरू करा, रात्री नऊला नको. सिनेमा दोन तास, मध्ये दहा मिनिटं चहा-नाश्ता, नंतर अर्धा तास बोलणं. सातच्या आत संपून जेवणापर्यंत मुलं मोकळी हवीत. सिनेमा संपला की लगेच अंथरुणात, असं झालं तर झोप लागत नाही. खोलीत एक दिवा चालू ठेवा. टीव्हीचा आवाज संवादाच्या प्रसंगावर बेतला की स्फोटाला भिंत हादरते, कारण आपत्तीपटांत हळू आणि मोठ्या आवाजात फार अंतर असतं. सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ लावा, वूफर असेल तर त्याचा बास उतरवा. लहान मुलं चित्रापेक्षा त्या घुमण्यालाच जास्त दचकतात.

चर्चच्या हॉलमध्ये तरुण संघासाठी दाखवणार असाल तर घरचं ओटीटी जोडून चालत नाही. ती वर्गणी घरगुती वापरापुरती असते. वितरकाची परवानगी घ्या.

नंतरचं बोलणं, आणि कुठे बिघडतं

पहिला प्रश्न ‘काय शिकलात?’ हा नको. मुलं संडे स्कूलचं पाठ उत्तर देतात. ‘कोणता आवाज अजून कानात आहे?’ असं विचारा. भीती आधी तिथे सापडते.

कुणीतरी म्हणतं, ‘मेले ते पापी होते.’ लूक १३:४ काढा: शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, आणि येशूनं विचारलं, ते इतरांपेक्षा अधिक दोषी होते असं वाटतं का? कुणीतरी तारखा मोजायला लागतं. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या गणितावर हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ची वाट बघत बसले. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे २०११ जाहीर केली, मग ऑक्टोबर. दोन्ही दिवस नेहमीसारखेच मावळले. मत्तय २४:३६ इथेच वाचायचं.

आणि ६६६, म्हणजे प्रकटीकरणातला श्वापदाचा आकडा. सिनेमात कपाळावर किंवा हातावर खूण उमटली की घरातल्या व्हॉट्सॲपवर आधार, बारकोड, लस यांचे निरोप फिरायला लागतात. प्रकटीकरण १३ एकटं वाचू नका. लगेच १४वा अध्याय वाचा. तिथे ती खूण श्वापदाच्या उपासनेशी जोडलेली आहे, कुणी नकळत टोचलेल्या सुईशी नाही. आणि १४:१ मध्ये कोकऱ्याच्या लोकांच्याही कपाळावर नाव आहे. मुलांना विचारा, या दुसऱ्या नावाचा सिनेमा कुणी का काढत नसेल?

शेवटची नोंद तिसऱ्या दिवशी करा. मूल एकटं आंघोळीला जायला कचरतंय का, रात्री दोनदा उठून आई-वडिलांच्या खोलीत डोकावतंय का, ‘तुम्ही घरी आहात ना?’ असा फोन शाळेतून करतंय का? यातलं एक जरी असलं तरी वहीत त्या सिनेमापुढे मुलाचं नाव आणि तारीख लिहा. पुढचे सहा महिने आपत्तीपट चालतील, अंतकाळाचा नाही. आणि झोपताना प्रकटीकरण २१:४ वाचा.